मातीचं अन् बाजारचं

कुंदा, परवा कचऱ्याची गाडी आली अन् मी सवयीनं गॅलरीत गेली. खाली तू कंबरेवर हात ठेवून गाडीवाल्याशी भांडत असशीन असंच वाटलं. गाडीवरचं ते स्वच्छतेचं गाणं वाजून राहिलं होतं. गाडीवाल्यानं हिरवा ड्रम उचलला, निळा उचलला, दोन्ही एकाच खोक्यात उपडे केले अन् निघून गेला. त्याले कोणी हटकलं नाही. तुले जाऊन महिना नाही झाला अजून, अन् पाह्य बरं, सगळं कसं सुरळीत झालं आहे. भांडण नाही, आरडाओरड नाही. सोसायटीले सुख लागलं आहे.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. तू कधी माझी भीड ठेवली होती, की मी आता तुझी ठेवू? मले तुझा राग आहे. या लोकांचा आहे, त्या गाडीवाल्याचा आहे, पालिकेच्या ऑफिसात बसणाऱ्यांचा आहे, पण सगळ्यात जास्त तुझा आहे. तू सगळं एकटीनं केलं अन् मंग एकदम उठून गेली. असं कोणी जाते का वं?

शहराच्या टोकाले, इथं बेसाले, आपण राहाले आलो तेव्हा अर्धे प्लॉट रिकामे होते अन् बिल्डिंगच्या मागं चक्क तुरीचं वावर होतं. मी खापरखेड्याच्या क्वार्टरमधून आली, आमचे हे पॉवर हाऊसमधून रिटायर झाले म्हणून. तू उमरेडची, विणकराच्या घरची. माग केव्हाचा बंद पडलेला, पण काही फेकून द्याचं म्हटलं की जिवावर येणं, ते तेवढं तू माहेरून घेऊन आली होती. पहिल्याच आठवड्यात तू माझ्या घरच्या कचऱ्याच्या डब्यात डोकावली. ओळख ना पाळख, अन् म्हणते कशी, "काहून वं, कोथिंबिरीच्या काड्या अन् शाम्पूची बाटली एकाच घरात नांदवून राहिली का?" मले रागही आला अन् हसूही आलं. लोकांची मैत्री देवळात होते, भिशीत होते. आपली कचऱ्याच्या डब्यात झाली.

मंग पालिकेची ती नोटीस आली. मोठ्या सोसायट्यांनी आपला ओला कचरा आपल्याच आवारात जिरवावा, त्याचं खत करावं, नाही तर गाडी उचलणार नाही अन् वरून दंड. त्या दिवशी सगळे खाली जमले. जो तो दुसऱ्याकडे पाहून राहिला होता. जनरेटरच्या मागं विटांचं जाळीदार टाकं बांधाचं ठरलं, ते बांधूनही झालं. पण त्यात हात कोण घालणार, हा विषय आल्यावर एकाले मीटिंग आठवली, एकाले गुडघे. तू पदर खोचला. बस्स, त्या दिवसापासून ते टाकं 'कुंदाताईचं टाकं' झालं. म्हणजे नोटीस सगळ्यांले अन् टाकं तुझं. मी तेव्हाच म्हटलं होतं, "कुंदा, हे लोक तुले देवी म्हणतीन अन् राबवून घेतीन." तू म्हणाली, "म्हणू दे ना. देवीले निदान नारळ तरी भेटते."

अन् तो शब्दांचा घोळ! 'ओला' अन् 'सुका'. कोणत्या शहाण्यानं हे शब्द काढले, देव जाणे. आपल्या लोकांनी त्यांचा सरळ अर्थ घेतला. दुधाची पिशवी धुतली की ओली झाली, टाका हिरव्यात. कांद्याची सालं, शेंगांची टरफलं, देवाची वाळलेली फुलं सुकी, टाका निळ्यात. मिहानमध्ये कंप्युटरवर काम करणारा तो तिसऱ्या माळ्यावरचा पोरगा, इंजिनियर माणूस, लेकराचे डायपर रोज हिरव्यात टाकायचा. तू त्याले थांबवून विचारलं तर म्हणते, "ओलंच तर आहे ना काकू!" मी पोट धरून हसली. तू नाही हसली. तू म्हणाली, "त्याचं काय चुकलं? शब्दच खोटा आहे."

दुसऱ्या दिवशी तू रंगाचा डबा घेऊन खाली बसली अन् ड्रमवरचे सरकारी शब्द खोडून आपले लिहिले. एकावर 'मातीचं', दुसऱ्यावर 'बाजारचं'. जे मातीत जाऊन माती होईन ते मातीचं. जे बाजारातून आलं अन् कबाडीवाल्याच्या हातून बाजारातच परत जाईन ते बाजारचं. "अन् डायपर?" मी मुद्दाम विचारलं. "ते ना मातीचं ना बाजारचं. ते ज्याचं त्यानं पेपरात गुंडाळून वेगळं द्याचं," तू म्हणाली. काय सांगू कुंदा, त्या दोन शब्दांनी जे झालं ते इतक्या दिवसांच्या गाण्यानं नाही झालं. लेकरं शिकली. कामवाल्या बाया शिकल्या. डायपरवालाही शिकला. हिवाळ्यात घराघरातून संत्र्याची सालं यायची तेव्हा टाक्याजवळून जाताना बरं वाटायचं. वास येते म्हणून नाकाले रुमाल लावणारे लोक संत्र्याच्या दिवसांत गप्प बसायचे.

पण आपल्या लोकांले सुखाचं पचते कुठं! तू रोज सकाळी जिन्यात हाक मारायची, "मातीचं द्या वंऽ, मातीचं!" पहिल्या माळ्यावरच्या आजोबांची बायको तेव्हा दवाखान्यात होती. ते दार उघडून तुझ्या अंगावरच आले. आपल्याकडे मयतीले जाणं म्हणजे मातीले जाणं. म्हणाले, "सकाळी सकाळी माझ्या दारात येऊन माती मागून राहिली? लाज नाही वाटत?" तू हात जोडले. हात जोडून आली अन् माझ्या स्वयंपाकघरात बसून माझी मेथी निवडाले लागली. तुझ्या डोक्यात माती म्हणजे वावर होतं, कुंडी होती, तुळस होती. दुसरा अर्थ तुले सुचलाच नव्हता. मंग सोसायटीची मीटिंग झाली. सेक्रेटरी म्हणाला, यापुढे फक्त सरकारी शब्द वापराचे, अशुभ शब्द नको. ड्रम पुन्हा रंगवले. ओला, सुका. पुढच्याच आठवड्यात दुधाच्या पिशव्या तुझ्या टाक्यात.

तू पालिकेच्या ऑफिसात गेली. मीही सोबत आली होती, उन्हातान्हात, तुझ्यासाठी नाही तर तमाशा पाहाले. तू त्या साहेबाले समजावून सांगतलं की लोकांचं चुकत नाही, तुमच्या पाटीचं चुकते. साहेब चांगला होता बिचारा, त्यानं पाणीही विचारलं. म्हणाला, "मॅडम, शब्द वरून आले आहेत. आम्ही बदलू शकत नाही." तू विचारलं, मंग गाडीतला मधला पत्रा कुठं गेला, तो तर तुमच्या हातात आहे? टाक्यात न मावलेलं गाडीतच जायचं, अन् आधी गाडीत दोन कप्पे होते, मध्ये पत्रा होता. तो गंजला अन् काढून टाकला, तेव्हापासून सगळं एकच. साहेब म्हणाला, "पत्र्याचा प्रस्ताव वर गेला आहे." तू बाहेर येऊन मले म्हणते, "विमल, हे वर म्हणजे नेमकं किती वर असन वं?" आपण ऑटोत बसून हसलो. आता तूच वर गेली आहेस. पाहून सांग, पोचला का पत्र्याचा प्रस्ताव.

आपलं भांडण त्याच दिवशी ऑटोतून सुरू झालं अन् शेवटपर्यंत मिटलं नाही. माझं म्हणणं साधं होतं. घरात आपण निवडून निवडून वेगळं करावं अन् दारात गाडीनं ते एक करावं, मंग निवडाचं काहून? ज्यांचं काम आहे त्यांनी आधी करावं. अन् टाकं सगळ्यांचं आहे तर सगळ्यांनी पाळीपाळीनं फावडं मारावं. एकीनं केलं तर बाकीचे बसून खाणारच. तुझं म्हणणं, "कोणीतरी कराच लागते ना वं." मी म्हणायची, तुझं हे 'कोणीतरी' म्हणजे दरवेळी तूच असते. तू म्हणायची, "एक जण करते म्हणून बाकीच्यांले दिसते तरी." मी म्हणायची, दिसते, पण डोळ्यांले, हाताले नाही. पायऱ्यांवर बसून आपण असं भांडायचो अन् मंग तू माझ्याकडून चहा पिऊन जायची. आता मी बरोबर ठरली. तू गेली अन् दुसऱ्या दिवशी टाक्याकडे कुत्रं नाही फिरकलं. बरोबर ठरली तर ठरली, त्याचं काय लोणचं घालू?

कडू बोलून राहिली मी, मले समजते. पण एक दिवस मी विसरली नाही. आमचे हे गेले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं अन् जो तो मले धीर देऊन राहिला होता. सगळे गेल्यावर तू आली अन् काही न बोलता कपाट उघडलं. त्यांचे कपडे, औषधाच्या पट्ट्या, चष्मे, दाढीचं सामान, पॉवर हाऊसचं ते हेल्मेट. मले काही हात लावणं जमत नव्हतं. तू एकेक वस्तू उचलायची, माझ्याकडे पाहायची अन् माझा चेहरा पाहून ठरवायची. हे देऊ. हे राहू दे. हे मी नेते, तुले नंतर लागलं तर माग. एकदाही तू मले विचारून रडवलं नाही. त्या दिवशी मले समजलं की तुझ्या हाताले निवडणं येते, अन् ते काही कचऱ्यापुरतं नाही. याचे आभार मी तुझे मानले नाही कधी. आपल्यात ती पद्धत नव्हती. आज मानते.

तुझं सामान मात्र कोणी असं नाही निवडलं. तुझी लेक स्वाती पुण्याहून आली, रडून रडून तिचे डोळे सुजले होते, तिले तरी काय म्हणू. एका दुपारी तिनं अन् जावयानं सगळं मोठ्या काळ्या पिशव्यांत भरलं. साड्या, पुस्तकं, डबे, औषधं, सगळं एकत्र. मी दारात उभी होती. म्हटलं, पोरी, थांब, मी लावून देते. ती म्हणाली, "मावशी, सुट्टी नाही आहे हो."

तुझ्या मातीले सगळी सोसायटी आली होती, कुंदा. पहिल्या माळ्यावरचे आजोबाही काठी टेकत आले. सेक्रेटरीनं स्वतः खांदा दिला. मी पाहून राहिली होती अन् माझ्या मनात एकच येत होतं. मातीले आले सगळे, मातीचं द्याले नाही आला कोणी.

अन् तेरवीच्या दिवशी तर कहर झाला. केटररनं कागदाच्या म्हणून ज्या प्लेटा आणल्या, त्यांच्या आतून प्लास्टिकचा पापुद्रा. त्यातच उरलेले वडे, भात, बुंदी, पाण्याच्या बाटल्या, हात पुसलेले कागद, सगळं एका पिशवीत कोंबून पोरांनी त्या पिशव्या नेमक्या तुझ्या टाक्याले टेकवून ठेवल्या. मी त्या केटररले झाडलं. म्हटलं, कोणाची तेरवी आहे हे तरी माहीत आहे का तुले? त्याले कुठून माहीत असणार. स्वाती धावत आली, माझा हात धरला. "मावशी, आजचा दिवस राहू द्या." राहू दिलं. वर जाऊन बाथरूमचा नळ सोडून रडली.

मंग शोकसभा. पार्किंगमध्ये खुर्च्या, तुझा फोटो, झेंडूचा हार. सेक्रेटरी बोलाले उठला. तू म्हणजे स्वच्छतेची देवी, तू म्हणजे सोसायटीचा आत्मा, तुझी पोकळी भरून निघणार नाही. दोन मिनिटं सगळे उभे राहिले. अन् खाली बसल्याबरोबर तोच सेक्रेटरी त्याच माइकवरून म्हणाला, आता जमलोच आहोत तर दुसरा विषय घेऊ, ते मागचं टाकं काढून तिथं दोन गाड्यांची पार्किंग करता येते. पोकळी भरून निघणार नाही म्हणे! झेंडूचा हार सुकला नव्हता अजून अन् पोकळीत गाड्या लावाचं ठरूनही गेलं.

पण देवाले गंमत करता येते. चार दिवसांनी ऑफिसातून फोन आला की सोसायट्यांची पाहणी आहे, खताचं टाकं दाखवा लागते. झालं, सेक्रेटरीचा चेहरा उतरला. टाकं पाडाचं राहिलं बाजूले, त्याले पिवळा रंग दिला. वरून मोठी पाटी लावली, 'स्वर्गीय कुंदाताई स्मृती खत प्रकल्प'. तुझा फोटो, खाली हिरव्या पानांची वेल काढलेली. आतमध्ये काय? नारळाच्या करवंट्या, कोणाची तरी फुटकी चप्पल अन् तेरवीच्या त्या बाटल्या. स्वातीले पाटीचा फोटो गेला. तिनं तो आपल्या मोबाइलवर लावला अन् मले रडत रडत फोन केला, "मावशी, आईचं नाव राहिलं हो!" मी 'हो' म्हटलं.

पाहणीवाला साहेब आला. तरुण होता, उन्हानं लाल झालेला, हातात मोबाइल. टाक्याचा बाहेरून फोटो काढला, पाटी वाचली, नमस्कार केला. विचारते, "खत चालू आहे ना?" सेक्रेटरी म्हणाला, "एकदम चालू! कुंदाताईंच्या या मैत्रीण आहेत, विमलताई. आता याच सगळं पाहतात." मले विचारलं नव्हतं, सांगतलं नव्हतं. सगळे माझ्याकडे पाहाले लागले. कुंदा, खोटं बोलणं अगदी सोपं होतं. नुसती मान हलवली असती तर पाटी राहिली असती, स्वातीचं समाधान राहिलं असतं, टाकंही राहिलं असतं पुढच्या पाहणीपर्यंत.

मी म्हटलं, "बंद आहे. ती गेली त्या दिवसापासून बंद आहे. झाकण उघडून पाहा."

त्यानं उघडलं. पाहिलं. वास आला तसा मागं सरकला. सेक्रेटरीनं दात ओठ खाल्ले. पण तो साहेब भला होता, त्यालेही बंद लिहाचं नव्हतं. म्हणाला, "आजी, कोणी एकानं जबाबदारी घेतली तर मी चालू लिहितो. तुम्ही घेता का?"

आता सांग, हा प्रश्न मले विचाराचा होता का? सगळी सोसायटी उभी होती. मिहानवाला होता, आजोबा खिडकीत होते, सेक्रेटरीची बायको होती. सगळे माझ्या तोंडाकडे पाहून राहिले होते, अन् प्रत्येकाच्या डोळ्यात एकच, घे वं बाई, घे, म्हणजे आम्ही सुटलो. दुसरी कुंदा भेटली म्हणजे यांचं झालं. मले तू दिसून राहिली होती, पदर खोचलेली. पण मी म्हटलं, "मी नाही घेत. इतकी घरं आहेत इथं. घरामागं एक हात लागला असता तर बाईसोबत टाकं मेलं नसतं."

साहेबानं मोबाइलवर 'बंद' लिहिलं. संध्याकाळी सेक्रेटरीनं पाटी उतरवली अन् माझ्या दारासमोरून नेताना मोठ्यानं म्हणाला, "मैत्रिणीनंच नाव पुसलं बाईचं." टाकं पुढच्या आठवड्यात पाडतात. दंड येईन तो माझ्या नावानं बोटं मोडत भरतीन. मोडू दे.

स्वातीचा फोन आला. कोणीतरी तिले सांगतलं असन, हे होणारच होतं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "मावशी, आईच्या नावाचं तेवढंच तर होतं. काहून केलं असं?" मी म्हटलं, पोरी, तुझ्या आईचं नाव मले घाणीवर लावून ठेवाचं नव्हतं. ती म्हणाली, "मंग साफ कराचं होतं ना." अन् फोन ठेवला.

मंग साफ कराचं होतं ना. तूच बोलली असं वाटलं मले. तुझंच बोलणं, तुझ्याच लेकीच्या तोंडून, अन् मी उत्तर द्याच्या आत फोन बंद. तू असती तर काय केलं असतं हे मले पक्कं माहीत आहे. तू ना हो म्हटलं असतं ना नाही म्हटलं असतं, तू फावडं उचललं असतं. मी नाही उचललं. तुझ्यासाठीच नाही उचललं, असं मी माझ्या मनाले सांगून राहिली आहे, पण ते खरं आहे का हे मले एकटीले नाही ठरवता येत. मी चुकली की नाही हे माझ्या तोंडावर सांगणारी या गावात एकच बाई होती. ये वं कुंदा. एकदा ये अन् भांड माझ्याशी.